जोडलेल्या डाळी

रविवार, ९ मार्च. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं.

मागच्या दारच्या नळाखाली पाटीभर चिखल चाळणीतून धूत होतो. निम्मा झाला. हात पुसून, पायरीवर बसून हे लिहितो आहे. नकाशेकाका म्हणाले, रोजच्या रोज लिहीत जा. काय सापडलं, कुठे, किती खोल. आठवणीवर भरवसा ठेवू नये, ती आपल्याला हवं तसं बोलते. म्हणून ही वही.

चिखल जुन्या वीटभट्टीमागच्या उतारावरचा. तिथे राखाडी मातीचा कमरेएवढा जाड थर उघडा पडला आहे. काका म्हणतात, तिथे कधीकाळी समुद्र होता. आता समुद्र गाठायला बसने दोन तास लागतात, त्यामुळे मला आधी ते पटलं नव्हतं. मग चाळणीत शिंपले आले, गोगलगाईसारखे शंख आले, एकदा एक काळा दात आला. तेव्हापासून मी रविवारी दुसरं काही करत नाही.

काकांनी जमीनमोजणीच्या कचेरीत सारा जन्म नकाशे काढले. आता निवृत्त आहेत आणि एकटे आहेत. आमच्या कारखान्यात एक दगड कापून घ्यायला आले होते, त्यात आख्खा शंख निघाला, तिथून आमची ओळख झाली. मी फरशीच्या कारखान्यात आहे. शाळा नववीत सुटली. तिसऱ्या नर्सबाई. त्या इस्पितळात असतात, काकूंच्या आजारपणात त्यांचं काकांकडे येणं-जाणं झालं आणि काकू गेल्यावरही त्या येत राहिल्या. आम्ही तिघं मिळून जे काही आहोत त्याला नाव नाही.

आजच्या पाटीत चार डाळी निघाल्या. डाळ हे आमचं घरगुती नाव. वालाच्या डाळीएवढी, पांढरट, आकाराच्या मानाने जड. कड बारीक दातेरी. एक बाजू खडबडीत, दुसरी गुळगुळीत, आणि तिच्यावर मधोमध एक चर. हे काय आहे ते आम्हा तिघांनाही माहीत नाही. काकांकडे दोन पुस्तकं आहेत. मी दोन्ही पानन्‌पान पाहिली, त्यांत नाही.

एवढ्यात दाजी दात घासत बाहेर आले. दाजी म्हणजे ताईचे यजमान. मी त्यांच्याच घरी राहतो. म्हणाले, “काय साहेब, आज सोनं की मोती?”

मी म्हटलं, “डाळ.”

“मग ताईला दे, शिजत घालेल.” मग त्यांनी नळाजवळची आपली सायकल उचलून पलीकडच्या भिंतीला लावली. माझ्या पसाऱ्याचा त्यांना त्रास होतो हे उघड आहे.


मंगळवार, ११ मार्च

कारखान्यात दिवसभर जिन्याच्या पायऱ्या. एका पायरीला चीर होती, ती भरली. मालक गिऱ्हाइकाला म्हणाले, “याने भरलेली चीर दाखवा, पायरी फुकट घेऊन जा.” गिऱ्हाइकाला सापडली नाही. मला बरं वाटलं, पण फसवल्यासारखंही वाटलं.

घरी आलो तर माझ्या कोपऱ्यातला बल्ब दाजींनी बदललेला. आधी चाळीसचा होता, आता शंभरचा. का, ते सांगितलं नाही. विजेचं बिल वाढलं की बोट दाखवायला बरं, म्हणून असेल.


रविवार, १६ मार्च

आज मोठी गोष्ट झाली. क्रमाने लिहितो.

काकांच्या घरात बसायची खोली म्हणजे एक उतरतं टेबलच आहे. खिडकीखाली पसरलेलं, वर दोरीवर सरकणारी पट्टी. त्यावर आम्ही पांढरा कागद घालून सगळ्या डाळी मांडल्या. एकूण सेहेचाळीस. सत्तेचाळिसावी काकांनी आतून आणली. ती काकूंची. काकू उतारावर नुसत्या सोबतीला म्हणून जायच्या आणि विणत बसायच्या. अकरा वर्षांपूर्वी पायाशी ही मिळाली. सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत सुबक तीच आहे. त्यांनी ती सुयांच्या डबीत ठेवली होती, अजून तिथेच असते.

काका म्हणाले, “तिने बघताक्षणी सांगितलं, शिंपला आहे. आणि लगेच विचारलं, मग याची दुसरी बाजू कुठे गेली? तेव्हापासून शोधतोय. चाळणी भरली की तिचा पहिला प्रश्न तोच. शेवटी शेवटी तर इस्पितळात, नळ्या लावलेल्या असताना...”

नर्सबाई म्हणाल्या, “मला विचारायच्या त्या. मला वाटायचं, उशीची दुसरी बाजू मागतायत. उलटून द्यायचे मी.”

काका हसले. मग आम्ही डाळी आकाराप्रमाणे लावायला घेतल्या आणि माझ्या एक लक्षात आलं. चर एका टोकाला उघडा असतो. सगळ्या डाळी दातेरी कड वर करून ठेवल्या तर काहींचा चर डावीकडे उघडतो आणि काहींचा उजवीकडे. मी दोनदा फिरवून पाहिलं. मग बोललो. हळूच बोललो, कारण चुकीचं निघालं असतं तर.

नर्सबाईंनी भिंग हिसकावलं. “अरे टाचणी! हे हातमोजे आहेत! डावे आणि उजवे!” त्या मला टाचणी म्हणतात.

काकांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून बसले. “म्हणजे,” ते म्हणाले, “दुसरी बाजू आहे.”

त्यानंतर तीन तास आम्ही जोड्या लावल्या. नर्सबाईंची बडबड चालूच. “स्थळं बघायला बसलोय आपण. उंची जुळते, रंग जुळतो, दात बघा मुलीचे. हिला नको तो, टवका गेलाय त्याचा.” मनासारख्या बारा जोड्या जुळल्या. काकूंच्या डाळीला जुळणारी उजवी शेवटी माझ्याच अगदी सुरुवातीच्या डाळींत मिळाली. काकांनी दोन्ही तळहातावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि मला म्हणाले, “तू चिरा भरतोस ना? या जोडून देशील? हात तुझाच पाहिजे.”

मी हो म्हणालो. काकूंची डाळ माझ्याकडे देताना त्यांनी ती डबीसकट दिली, आणि कापूस दोनदा नीट केला.


गुरुवार, २० मार्च

कामानंतर मालकांच्या परवानगीने मागे थांबलो. चिरा भरायचा दोन डब्यांतला लेप सारख्या मापाने कालवला, त्यात किंचित पांढरी भुकटी.

एक अडचण कालच लक्षात आली होती. खडबडीत बाजू बाहेरची, हे तर दिसतंच आहे, सगळ्या शिंपल्यांची असते. म्हणजे चराची बाजू आतली. पण चराची बाजू फुगीर आहे. शिंपला आतून खोलगट हवा, नाहीतर आत प्राणी राहणार कुठे? दोन फुगीर बाजू समोरासमोर आल्या की पोटाला पोट लागतं आणि कडा उघड्या राहतात.

हे काकांना विचारायला हवं. खरं तर काल संध्याकाळी त्यांच्या दारापर्यंत गेलो होतो. आतून ते शीळ घालत होते. मी त्यांना कधी शीळ घालताना ऐकलं नव्हतं. परत आलो.

मग मला वाटलं, इतकी वर्षं मातीच्या भाराखाली राहून आकार फुगला असेल. दगड कसेही वागतात. मी बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवला आणि फुगवटा चार हात मारून सपाट केला. बारापैकी आठ जोड्यांना करावं लागलं. चर गेला, पण तो आतच जाणार होता, तो कोणाला दिसणार?

काकूंची शेवटी घेतली. हात धुऊन, पुसून घेतली. तिचा फुगवटा सगळ्यांत जास्त. तिलाही पेपरवर धरली.

जोडल्यावर मात्र काय दिसतात! दातेरी कडा एकमेकींत अशा बसल्या की मलाही सांधा शोधावा लागला. मालक जाताना डोकावले. “कसलं बी आहे रे?” मी म्हटलं, शिंपला आहे, समुद्रातला, फार जुना. ते म्हणाले, “आणि इतका नवा दिसतो?”


रविवार, २३ मार्च

काकांनी काकूंची जोडी खिडकीच्या उजेडात धरली आणि सावकाश फिरवून पाहिली.

मग ते एकदम कामाला लागले. कॅलिपरने मापं घेतली, पारदर्शक कागद ताणून चिकटवला आणि शाईने चित्र काढलं: वरून, बाजूने, कडेने. ठिपक्यांनी सावली देतात, रेघांनी नाही. चित्राखाली शिंपल्याचं नाव लिहिलं. ते काकूंचं नाव आहे. खाली बारीक अक्षरांत संग्राहक म्हणून आम्हा तिघांची नावं, माझं मधलं. मी ते तपासलं, अगदी बरोबर लिहिलं आहे.

काका म्हणाले, “नव्या प्राण्याला नाव देतात ते कायमचं. हजार वर्षांनी कोणी चाळणी लावली तरी तिचं नाव घ्यावं लागेल.”

मोठ्या शहरातल्या संग्रहालयाला पत्र पाठवायचं ठरलं. मजकूर काकांचा, अक्षर माझं. तीनदा लिहून काढलं, दोन शब्द शब्दकोशात पाहिले. चित्राची एक प्रतही सोबत घातली, पण जोडी पाठवली नाही. काका म्हणाले, ती टपालाने जाणार नाही.

फुगवट्याचं सांगायचं राहिलं. राहिलं असं नाही, मी सांगितलं नाही.


शुक्रवार, २८ मार्च

उत्तर आलं! संग्रहालयातल्या समुद्री जीवाश्मांच्या बाई स्वतः येणार आहेत, रविवारी तेरा तारखेला. पत्र चार ओळींचं आहे. “चित्र अत्यंत सुंदर आहे. आतली बाजू पाहण्याची उत्सुकता आहे.”

काकांनी पत्र मला वाचायला दिलं, मग नर्सबाईंना, मग परत मला.

आतली बाजू. जोड्या तर बंद आहेत.


शनिवार, २९ मार्च. दुपार.

ताटावरून उठून थेट वहीकडे आलो.

अर्धी सुट्टी होती. दाजी बाजारातून मोठा मासा घेऊन आले. पानं मांडली तेव्हा ताईने विचारलं, “डोकं कोणाला?”

दाजी म्हणाले, “ज्याला नाही त्याला. साहेबांना वाढ.”

ताई म्हणाली, “जेवताना तरी सोडा हो त्याला.”

“सोडतोय कुठे? आख्खं डोकं देतोय. मला कधी मिळालं या घरात?”

मी डोकं फोडून खात होतो आणि दाताखाली कचकन काहीतरी आलं. ताई लगेच, “मी नीट धुतला होता हं.” मी ते बोटावर काढलं, वाटीतल्या पाण्यात बुडवलं.

डाळ होती.

पांढरीशुभ्र, पातळ. आमच्यापेक्षा लहान. पण कड दातेरी, एक बाजू खडबडीत, दुसरी गुळगुळीत आणि फुगीर, आणि तिच्यावर चर. चर डावीकडे उघडा.

ताईच्या केसांतली पिन मागितली. डोक्याच्या दुसऱ्या बाजूला, हाडाच्या एका खळगीत, तशीच दुसरी होती. तिचा चर उजवीकडे उघडा.

म्हणजे शिंपला नाही. मासा आहे. माशाच्या डोक्यात एक खडा डावीकडे आणि एक उजवीकडे, आणि मध्ये त्याचं सगळं डोकं. त्या दोन्ही कधी एकमेकींना लागलेल्याच नव्हत्या. प्राणी त्यांच्या आत राहत नव्हता, त्याच प्राण्याच्या आत होत्या. म्हणूनच फुगीर.

दाजी म्हणाले, “काटा अडकला का रे? कोरडा घास गीळ.” मग ताईला, “अगं, पाणी दे त्याला आधी.” मी म्हटलं, काही नाही. ते हात न धुता माझ्याकडेच बघत बसले. अन्न टाकलेलं त्यांना आवडत नाही.


रविवार, ३० मार्च

काकांकडे गेलो नाही. पोट बिघडल्याचा निरोप पाठवला. हे खोटं आहे.

बाजारातून तीन डोकी आणली आणि ताई शेजारी गेली असताना उकडली. सहा खडे. तीन डावे, तीन उजवे. आता शंकेला जागा नाही. मला शंका हवी होती.

जोडलेल्या बारा, त्यांतल्या आठ घासून कोऱ्या केलेल्या. चर ही एकच खूण होती बहुधा, जिच्यावरून कोण मासा ते सांगता आलं असतं. ती मी अगदी काळजीपूर्वक पुसली. निष्काळजी माणसाने एवढं नुकसान केलं नसतं, त्याला जमलंच नसतं.

सांगावं तर काकांच्या हातून काकूंचं नाव जातं. न सांगावं तर तेरा तारखेला जातं, पाहुण्यांसमोर.


सोमवार, ३१ मार्च

इस्पितळाच्या फाटकाशी नर्सबाईंना गाठलं. त्या पाळी संपवून निघत होत्या. कागदात बांधलेले खडे दाखवले आणि सगळं सांगितलं.

आधी त्या मोठ्याने हसल्या. “म्हणजे दोन आठवडे आपण माशाच्या डोक्याची लग्नं लावत होतो?” मग माझा चेहरा पाहून थांबल्या. “किती घासल्यास?”

“आठ जोड्या.”

“त्यांची पण?”

मी मान डोलावली.

त्यांनी पिशवी खाली ठेवली. “तू सांगणार की मी?”

“बाई येतील तेव्हा त्यांना कळेलच ना.”

“तेच तर म्हणते. परक्या बाईच्या तोंडून कळलं तर त्यांना ते हसत हसत गिळावं लागेल. घरच्या माणसाने सांगितलं तर निदान वाईट तोंड करता येतं.”

मी म्हटलं, मी घरचा कुठे आहे.

नर्सबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं जसं त्या ताप नसताना रजा मागणाऱ्याकडे पाहत असतील. म्हणाल्या, “टाचणी, बस आली माझी. बुधवारपर्यंत सांग. नाहीतर मी सांगेन, आणि मी वाईट सांगते.”


बुधवार, २ एप्रिल

सांगितलं.

पाच वाजता गेलो. काका टेबलाशी नव्या कागदावर उताराचा नकाशा काढत होते, बाईंना दाखवायला. थर कुठे, पायवाट कुठे, काकू बसायच्या तो दगड कुठे. मी उभ्यानेच बोललो. पाठ करून गेलो होतो, पण क्रम चुकला. घासल्याचं आधी आलं, मासा नंतर.

त्यांनी माशाचे दोन खडे घेतले, भिंगाखाली ठेवले, मग शेजारी आमची एक सुटी डाळ. कंपासने अंतरं मोजली. ते मोजत असताना मला वाटलं, कदाचित मीच चुकलो असेन. पण त्यांनी कंपास मिटला.

“बरोबर आहे तुझं,” ते म्हणाले. “मासाच.”

मग विचारलं, “हिचा चर?”

“गेला, काका. खालून घासली. तिचाच फुगवटा जास्त होता.”

“जोडताना पटलं होतं तुला?”

“नव्हतं पटलं. विचारायला आलो होतो दारापर्यंत. तुम्ही शीळ घालत होता.”

काका उठले, शिंपल्याचं चित्र टेबलावर घेतलं आणि खणातून दाढीचं पातं काढलं. पारदर्शक कागदावरची शाई खोडरबराने जात नाही, ती पात्याने खरवडावी लागते, आणि हात जड पडला की कागद फाटतो. त्यांनी काकूंचं नाव खरवडलं. एकेक अक्षर, शेवटून सुरुवातीकडे. भुकटी फुंकली नाही, ब्रशने गोळा केली. नंतर नखाच्या पाठीने कागद घासून गुळगुळीत केला. कागद उजेडात धरला तर तिथे काही लिहिलं होतं हे कळलं नसतं.

“कचेरीत,” ते म्हणाले, “रेघ ओढणारे पुष्कळ होते. मला बढती खरवडण्यावर मिळाली.”

मी म्हटलं, “बाकीच्या सगळ्या मी सोडवतो, काका. काहीतरी लावून सुटतील. काकूंचीही.”

“बाकीच्या सोडव. ही राहू दे.”

“पण ती चुकीची आहे.”

“ते मला आत्ताच कळलंय, तूच सांगितलंस. राहू दे.” जोडी त्यांनी डबीत नाही, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. “मासा मला मिळाला. तिला शिंपला मिळू दे.”

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला समजलं असतं काय करायचं ते. निघताना त्यांनी घराची एक किल्ली माझ्या हातावर ठेवली. “रविवारी लवकर येतोस तेव्हा दार वाजवत नको बसूस.” माझ्या दार वाजवण्याने त्यांची झोप मोडत असणार. इतके दिवस बोलले नाहीत.


शनिवार, ५ एप्रिल

नर्सबाईंनी इस्पितळातून बाटलीभर ॲसिटोन आणलं. अकरा जोड्या झाकणाच्या बरणीत घालून काकांच्या मागच्या ओट्यावर ठेवल्या होत्या. दोन दिवसांनी लेप साबणासारखा मऊ झाला. पातळ सुरीने हळूच फाकवल्या. न घासलेल्या चारही जोड्या निघाल्या, चर शाबूत! घासलेल्या सात जोड्या निघाल्या त्या आतून कोऱ्या. चुरमुऱ्यासारख्या हलक्या वाटल्या हातात, तशा नसताना.

नर्सबाई म्हणाल्या, “घटस्फोटाचं एवढं कौतुक मी पहिल्यांदाच बघतेय.”

काकांनी नवं चित्र काढलं आहे. डावा खडा डावीकडे, उजवा उजवीकडे, आणि मध्ये तुटक रेघांनी माशाचं डोकं. नावाची जागा रिकामी. माझी चूकही चित्राखाली लिहा असं मी म्हटलं. ते म्हणाले, “लिहू. ‘काही नमुने संग्राहकांकडून घासले गेले.’ संग्राहकांकडून. तिघांनी जोड्या लावल्या होत्या.”

मला हे पटलेलं नाही, घासल्या मी.


रविवार, १३ एप्रिल

पहाटे निघालो तर दाजी दारात उभे. हातात एक पेटी. उथळ सहा खण, प्रत्येकात चौकोनी कप्पे, कप्प्यांना आतून मऊ कापड. दाजी सुतार आहेत, पण घरात एक स्टूल करून द्या म्हणून ताई वर्षभर मागे लागली आहे. मला म्हणाले, “त्या बाईंसमोर आगपेट्या काढत बसू नकोस. आमचं नाक कापायचं नाही.” आपल्या नाकाची त्यांना फार काळजी.

बाई दहाच्या बसने आल्या. मला वाटलं होतं वयस्कर असतील. तिशीच्या असतील, आणि चपलेला उतारावरचा चिखल. बसमधून उतरून आधी तिकडे जाऊन आल्या होत्या, एकट्याच, काकांनी टपालाने पाठवलेला नकाशा बघून. “नकाशावरून पाऊल चुकायची सोयच नाही,” म्हणाल्या. काकांचे कान लाल झाले.

टेबलाशी बसून त्यांनी पेटीचा पहिला खण ओढला. मग भिंग. मग दुसरा खण.

“पत्रात तुम्ही शिंपला लिहिलं होतं.”

काका म्हणाले, “होतं. नंतर कळलं. माशाच्या डोक्यातले आहेत.”

“कानातले. यावर मासा तोल सांभाळतो, ऐकतो. पण तुम्हाला कसं कळलं? मी हेच समजावून सांगायच्या तयारीने आले होते. बसमध्ये वाक्यं जुळवत होते.”

“याच्या ताटात आलं,” काकांनी माझ्याकडे बोट केलं. “याने ते गिळलं नाही.”

बाईंनी मला मग बरेच प्रश्न विचारले. कुठल्या खोलीवर कोणते जास्त, डावे-उजवे किती. वहीत होतं सगळं, मी वाचून दाखवलं. घासलेल्यांचं विचारलं तेव्हा मी म्हणालो, मी घासले. काकांनी मध्ये तोंड घातलं, “आम्ही.” बाईंनी काय लिहून घेतलं ते दिसलं नाही.

लहान दोन जाती ओळखीच्या आहेत. मोठी जात त्यांना ओळखता येत नाही. अशा चराचा मासा त्यांनी पाहिलेला नाही. न घासलेले तीन मोठे खडे त्या घेऊन जाणार, दुसऱ्या देशातल्या एका तज्ज्ञांना दाखवणार. वर्ष लागेल, दोनही लागतील. नवा निघालाच तर नाव सुचवायचा हक्क शोधणाऱ्यांचा असतो, असं त्या म्हणाल्या. नर्सबाईंनी काकांकडे पाहिलं. काका पेटीचा खण आत-बाहेर करून बघत होते. म्हणाले, “सुरेख सरकतो हा. कोणी केली पेटी?”

निघताना बाईंचं लक्ष खिडकीच्या कट्ट्याकडे गेलं. “आणि हे?”

मी उठलो. बोलायला तोंड उघडलं.

काका म्हणाले, “तो शिंपला आहे. घरचा.”

बाईंनी परवानगी विचारून जोडी उचलली. आडवी धरली, भिंग लावून कडेने पूर्ण फिरवली. एकदा माझ्या हातांकडे पाहिलं. मग ती होती तशीच, त्याच बाजूवर, जागच्या जागी ठेवली.

“फार छान शिंपला आहे,” त्या म्हणाल्या. “दोन्ही बाजू मिळणं दुर्मीळ असतं.”

त्यांच्या ते लक्षात आलं नसावं. भिंग छोटं होतं.

काका त्यांना बसपर्यंत सोडायला गेले. ते परत येताना मला लांबूनच ऐकू आलं. शीळ होती.

आजवरचा खर्च. लेप आणि पॉलिशपेपर, बावीस. टपाल, तीन. माशाची डोकी, साडेचार. देणं: नर्सबाईंना बाटलीचं, त्या म्हणतात इस्पितळाला विचार. दाजींना पेटीच्या लाकडाचं. विचारलं तर म्हणाले, भंगारातलं आहे. पण लाकूड सागवानी आहे आणि कोरं आहे, किती लिहावं कळत नाही, जागा मोकळी सोडली आहे. काकांना, एक चर. तो परत करता येत नाही, तरी लिहून ठेवतो.